हूणांची दहशत, तिचा हिशेब आणि कोकणापर्यंत आलेली चांदी

इसवी सन 550च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्यानं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी लिहून ठेवली. त्यात कल्याण आहे. तिथून तांबं, शिसवाचे ओंडके आणि कापड बाहेर जातं, असं तो सांगतो. सिबोर नावाचं एक बंदर आहे, ते बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं चौल. आणि त्याच प्रकरणात, हिंदुस्थानच्या वरच्या अंगाला 'श्वेत हूण' राहतात, त्यांचा गोल्लास नावाचा राजा लढाईला निघतो तेव्हा दोन हजार हत्ती आणि अफाट घोडदळ बरोबर घेतो, असंही आहे. पाण्यानं वेढलेल्या एका शहराला त्यानं वेढा दिला आणि त्याच्या हत्तीघोड्यांनी ते सगळं पाणी पिऊन संपवलं, ही गोष्टही कॉस्मस नोंदवतो. हत्तींचा आकडा सांगताना तो 'असं म्हणतात' हे शब्द घालतो. त्या दोन शब्दांसाठी मला हा माणूस भरवशाचा वाटतो.

गोल्लास म्हणजे उत्तर भारतातला हूण राजा मिहिरकुल, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याची फौज कोकणात उतरल्याचा एकही पुरावा नाही. ना शिलालेख, ना ताम्रपट. पण त्याचा लौकिक मात्र बंदराबंदरांतून फिरत होता. हूण नायकांचा अभ्यास करताना हे आधी ध्यानात घ्यावं लागतं: त्यांच्या फौजेपेक्षा त्यांचं नाव फार पुढे जायचं, आणि तसं ते जावं अशीच त्यांची इच्छा होती. दहशत हे त्यांचं वसुलीचं साधन होतं. वसूल झालेला माल सरदारांत वाटला गेला तरच नायक टिकायचा. रक्तपिपासू रानटी माणूस हे चित्र या हिशेबाच्या कडेला ठेवलं की गोष्टी नीट दिसायला लागतात.

सुरुवात युरोपातल्या हूणांचा राजा अ‍ॅटिला याच्यापासून करू, कारण त्याच्याबद्दल आकडे आहेत.

पूर्व रोमन साम्राज्य हूणांना आधी दरसाल 350 पौंड सोनं देत होतं. रोमन पौंड आजच्या मापानं साधारण 327 ग्रॅमचा, म्हणजे वर्षाला 115 किलोच्या आसपास. ब्लेडा आणि अ‍ॅटिला हे भाऊ गादीवर आल्यावर 435च्या सुमारास डॅन्यूबकाठच्या मार्गुसला तह झाला आणि रक्कम दुप्पट, 700 पौंड झाली. पुढच्या दशकातल्या स्वाऱ्यांनंतर ती 2100 पौंडांवर गेली आणि थकबाकी म्हणून एकरकमी 6000 पौंड वेगळे. एका पौंडात 72 सुवर्णनाणी पाडत, म्हणजे वर्षाला दीड लाखाहून जास्त नाणी. पळून आलेल्या रोमन कैद्यामागे आधी 8 नाणी भरपाई होती, ती 12 झाली. हूणांकडून पळून रोमनांच्या आश्रयाला गेलेली माणसं परत करण्याचं कलम तर प्रत्येक तहात असायचं. राजघराण्यातली मामास आणि आताकाम ही दोन मुलं अशीच परत मिळाली आणि हूणांनी त्यांना सुळावर चढवलं.

हे शेवटचं कलम सहसा लोक वाचताना ओलांडून जातात. माझ्या मते सगळ्या तहातलं सर्वांत महत्त्वाचं कलम तेच. हूण नायकाला परक्या फौजेची जेवढी भीती नव्हती तेवढी आपल्यातूनच फुटून रोमनांकडे चाकरीला जाणाऱ्या सरदाराची होती. रोमनांकडे सोनं होतं, पदव्या होत्या. हूण सरदाराला तिथे थेट वाट मिळाली तर मधल्या राजाची गरजच काय? म्हणून सोनं फक्त एकाच दारातून आत यावं आणि त्या दारात आपण उभं असावं, ही अ‍ॅटिलाची सगळी धडपड. 445च्या सुमारास त्यानं सख्ख्या भावाला संपवलं ते याच दारासाठी.

आता त्याच्या लौकिकाची दोन साधनं शेजारी ठेवू. अम्मियानुस मार्सेलिनुस हा रोमन सैनिक-इतिहासकार चौथ्या शतकाच्या शेवटी हूणांचं वर्णन करतो: घोड्यावरच खातात, घोड्यावरच झोपतात, मांस शिजवत नाहीत, मांडी आणि घोड्याची पाठ यांच्यामध्ये दाबून जरा कोमट करतात, घरांना थडग्यासारखं टाळतात. हे वर्णन आजही शेकडो ठिकाणी जसंच्या तसं उतरवलं जातं. पण हे लिहिणारा हूणांच्या छावणीत गेला नव्हता. भटक्या टोळ्यांबद्दल ग्रीक-रोमन लेखनात आठ-नऊशे वर्षं जे साचे चालत आले होते, त्यातले बरेच त्यानं इथे वापरले. त्याचं लढाईचं वर्णन मात्र उपयोगी आहे: तुकड्यातुकड्यांनी येणं, पांगणं, पळाल्यासारखं दाखवून पुन्हा वळणं, लांबून बाण आणि जवळ आल्यावर फास. ते रोमन सैनिकांकडून ऐकलेलं असणार.

दुसरं साधन प्रिस्कुस. हा 449 मध्ये रोमन वकिलातीबरोबर अ‍ॅटिलाच्या गावी गेला, त्याच्या मेजवानीला बसला आणि जे दिसलं ते लिहिलं. लाकडी वाडा, तासून गुळगुळीत केलेल्या फळ्या, भोवती लाकडी कुंपण. ओनेगेसिउस नावाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या सरदारानं दगडी हमामखाना बांधून घेतला होता आणि त्यासाठी दगड परमुलखातून आणला होता, कारण तिथे दगड नव्हता की झाड नव्हतं. तो बांधणारा कारागीर सिर्मियम या रोमन शहरातून धरून आणलेला कैदी. काम झालं की सुटका होईल अशी त्याची आशा. झालं उलटंच, त्याला त्याच हमामावर नोकर म्हणून ठेवून घेतलं.

मेजवानीतलं एक दृश्य मी कधीच विसरू शकत नाही. पाहुण्यांपुढे चांदीची ताटं, सोन्याचांदीचे पेले. अ‍ॅटिलापुढे लाकडी ताट, त्यात नुसतं मांस, आणि प्यायला लाकडी पेला. अंगावरचे कपडे साधे, फक्त स्वच्छ. तलवारीला, जोड्याच्या बंदांना, घोड्याच्या लगामाला सोनं-जडजवाहीर काही नाही, जे इतर सगळ्या सरदारांकडे होतं. गाणारे आले, विदूषक आला, सगळे हसले, तो हसला नाही. धाकटा मुलगा एर्नाक जवळ आला तेव्हाच त्याची नजर मऊ झाली.

हे साधेपण म्हणजे वैराग्य नव्हे. लुटीतलं सोनं कुणाच्या अंगावर दिसायला हवं, याचं ते गणित आहे. सरदार सोन्यानं मढलेले आणि राजा लाकडी पेल्यातून पितोय, याचा अर्थ दरबारात बसलेल्या प्रत्येकाला कळत होता: जे आलं ते तुम्हाला दिलं. मला अ‍ॅटिलाच्या नेतृत्वाबद्दल हजार पानांपेक्षा तो पेला जास्त सांगतो.

त्याच वकिलातीच्या आडून कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारानं त्याच्या खुनाचा कट रचला होता. सम्राटाचा खोजा क्रिसाफिउस यानं हूण सरदार एदेको याला फितवलं, पहारेकऱ्यांत वाटायला 50 पौंड सोनं ठरलं. एदेकोनं परत येताच सगळं अ‍ॅटिलाला सांगून टाकलं. दुभाषी विगिलास ते सोनं घेऊन आला आणि मुद्देमालासकट पकडला गेला. अ‍ॅटिलानं त्याला मारलं नाही. त्याच्या मुलाला अडकवून सुटकेसाठी आणखी 50 पौंड मागवले आणि सम्राटाला भर दरबारात शरमिंदं करायला माणसं पाठवली. रक्तपिपासू माणूस असा वागत नाही, वसुलीत मुरलेला माणूस वागतो. याच दरबारातल्या चिटणीस ओरेस्तेसचा मुलगा पुढे पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट झाला आणि 476 मध्ये त्याला उतरवणारा ओदोआकर हा बहुतेक अभ्यासकांच्या मते याच एदेकोचा मुलगा.

'नुसते घोडेस्वार, तटबंदीपुढे हतबल' हाही एक गैरसमज. नाइसुस, म्हणजे आजच्या सर्बियातलं निश, इथल्या वेढ्याचं वर्णन शिल्लक आहे. आधी नदीवर पूल बांधला. मग चाकांवरचे लाकडी मनोरे तटाशी नेले. वर धनुर्धारी, त्यांच्यापुढे विणलेल्या फांद्यांच्या जाळीवर कातडी ताणलेले आडोसे, जेणेकरून बाण आणि पेटते गोळे अडतील. तटावरची माणसं हटली की मेढे आणले: दोन बाजूंनी कललेल्या तुळयांच्या चौकटीला साखळ्यांनी लटकवलेला जाड ओंडका, टोकाला लोखंडी अणी. मागून दोरांनी ओढायचा आणि सोडायचा. ही विद्या कैदी आणि फितूर रोमन कारागिरांकडून आली असणार. माणसं वापरून घेण्यात हूण नायक तरबेज होते.

451 मध्ये गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, रोमन सेनापती एतियुस आणि पश्चिमी गॉथ यांनी मिळून अ‍ॅटिलाला कातालाउनी मैदानावर अडवलं. गॉथांचा राजा थिओडोरिक तिथेच पडला. 452 मध्ये इटलीत अक्विलेया उद्ध्वस्त केलं, पण मिंचिओ नदीवर पोप लिओची भेट झाल्यावर फौज मागे फिरली. पोपच्या तेजानं मागे फिरली असं पुढे सांगितलं गेलं. त्या वर्षी इटलीत दुष्काळ होता, हूणांच्या छावणीत रोगराई होती आणि पूर्वेच्या नव्या सम्राटाची, मार्सियनची, फौज डॅन्यूबपलीकडे त्यांच्याच मुलखावर चालून गेली होती. एवढी कारणं पुरेशी आहेत. मार्सियननं 450 मध्ये गादीवर येताच वार्षिक सोनं बंद केलं होतं. 453 मध्ये नव्या लग्नाच्या रात्री नाकातून रक्तस्राव होऊन अ‍ॅटिला मेला आणि 454च्या सुमारास नेदाओ नदीवर त्याच्याच मांडलिकांनी त्याच्या मुलांना चोपून काढलं. सोनं थांबल्यापासून राज्य मोडेपर्यंत चारेक वर्षं.

'देवाचा आसूड' ही उपाधी मात्र त्याच्या हयातीतली नाही, मध्ययुगातल्या संतचरित्रांतून ती रुजली. जर्मन काव्यात तोच एट्झेल म्हणून उदार यजमान होतो आणि हंगेरीत आजही मुलांची नावं अ‍ॅटिला ठेवतात. 27 जुलै 1900 रोजी ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर कैसर विल्हेल्मनं चीनला निघालेल्या सैनिकांना हूणांसारखं नाव कमवा म्हणून सांगितलं, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तेच नाव जर्मनांना शिवी म्हणून चिकटवलं.

आता आपल्याकडचे हूण. अ‍ॅटिलाचं घराणं वेगळं, हे वेगळं. मध्य आशियातून किदार, अल्खान, हेफ्थल अशा टोळ्या एकामागून एक आल्या. उत्तर भारतात राज्य केलं ते अल्खानांनी. स्कंदगुप्ताच्या भितरी स्तंभलेखात हूणांशी झालेल्या लढाईत धरणी कापली, असं आहे. पुढे पाचव्या शतकाचा शेवट येतो तोवर अल्खानांचा राजा तोरमाण माळव्यापर्यंत पोचला होता.

तोरमाणाचं नेतृत्व पाहायचं तर मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरणला जावं. तिथे दगडी वराहाची भव्य मूर्ती आहे आणि तिच्या छातीवर लेख: महाराजाधिराज तोरमाणाच्या राज्याच्या पहिल्या वर्षी धन्यविष्णूनं हे मंदिर उभारलं. याच धन्यविष्णूचा भाऊ मातृविष्णू गुप्त संवत 165 मध्ये, म्हणजे 484-85 मध्ये, गुप्त सम्राट बुधगुप्ताचा मांडलिक म्हणून त्याच गावात ध्वजस्तंभ उभारतो. घराणं तेच, गाव तेच, देव तोच. वरचा धनी बदलला. परका विजेता आणि गावचा वतनदार यांच्यातला हा करार आहे. वतन चालू, देवस्थान चालू, लेखात नाव माझं. तोरमाणाची माळव्यातली चांदीची नाणीही हेच सांगतात. नखाएवढं नाणं, मागच्या बाजूला गुप्तांचाच पिसारा फुलवलेला मोर, गुप्तांच्याच धाटणीचा संस्कृत लेख 'श्री तोरमाण' या नावानं. फरक ओळखायची खूण: राजाचा चेहरा डावीकडे वळलेला, गुप्तांचा उजवीकडे. बाजारातल्या माणसाला नाणं ओळखीचं वाटावं, खुळखुळताना शंका येऊ नये, पण राजा बदललाय हेही कळावं.

दुसरी बाजूही आहे. कौशांबीच्या घोषिताराम विहाराच्या उत्खननात एका मुद्रेवर 'तोरमाण' आणि दुसरीवर 'हूणराज' अशी अक्षरं मिळाली, तीही जळिताच्या थरांच्या संदर्भात. करार न करणाऱ्यांचं काय होत होतं, ते तिथे दिसतं. दहशत खोटी नव्हती. ती निवडून वापरली जात होती, एवढंच.

मिहिरकुलाचा लौकिक सर्वांत काळा, आणि म्हणूनच त्याची साधनं काळाच्या क्रमानं लावून वाचायला हवीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय इलाज नाही.

सर्वांत जवळचा साक्षीदार चिनी यात्री सोंग युन. हा 520 मध्ये गंधारच्या हूण राजाच्या छावणीत प्रत्यक्ष गेला. राजा क्रूर आहे, काश्मीरशी तीन वर्षं लढतोय, सातशे लढाऊ हत्ती आहेत, चिनी सम्राटाचं पत्र त्यानं बसूनच घेतलं, असं तो सांगतो. कॉस्मसच्या दोन हजारांशेजारी हे सातशे ठेवून बघा. समुद्रापर्यंत येताना हत्ती तिपटीच्या आसपास गेले. त्यानंतर मिहिरकुलाच्याच 15व्या राज्यवर्षातला ग्वाल्हेरचा लेख. त्यात मातृचेट नावाचा माणूस सूर्यमंदिर बांधतो आणि राजाच्या पराक्रमाची स्तुती करतो. त्याच्या नाण्यांवर नंदी आणि 'जयतु वृषः'. मग मंदसोरजवळ सोंदणीचा, माळव्याचा राजा यशोधर्मा याचा स्तंभलेख. कवी वासुल, कोरणारा गोविंद. गुप्तांना आणि हूणाधिपांनाही जे मुलूख मिळाले नाहीत ते यशोधर्म्यानं भोगले, लौहित्यापासून (म्हणजे ब्रह्मपुत्रेपासून) महेंद्र पर्वतापर्यंत आणि हिमालयापासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सामंत त्याच्या पायाशी आले, आणि मिहिरकुलानंही मस्तकावरच्या फुलांनी ते पाय पुजले, असा दावा. पश्चिम समुद्र म्हणजे आपलाच. पण प्रशस्तीतली चतुःसीमा ही काव्याची असते. तीवरून कोकणात माळव्याचं राज्य होतं असं म्हणता येत नाही. त्या काळात इथे आधी त्रैकूटक, मग कलचुरी कृष्णराज यांची चांदीची नाणी चालत होती.

पुढचा साक्षीदार चिनी बौद्ध यात्री ह्युएन त्संग, सातव्या शतकात. तो म्हणतो की मिहिरकुल काही शतकांपूर्वी झाला. खरं अंतर शंभरेक वर्षांचं! सोळाशे स्तूप-विहार पाडल्याचा आकडा त्याचाच. सगळ्यात लांबचा काश्मीरचा इतिहासकार कल्हण, 1148 ते 1150 मधला. सैन्य येण्याआधी गिधाडं-कावळे यायचे, त्यांवरून लोकांना कळायचं. घाटात एक हत्ती दरीत कोसळला, त्याचा चीत्कार आवडला म्हणून राजानं आणखी शंभर हत्ती लोटायला लावले. राणीच्या चोळीवर सिंहलाच्या राजाची पावलं छापलेली दिसली म्हणून थेट लंकेवर स्वारी, आणि परतताना चोळ, कर्णाट, लाट हे मुलूख जिंकले. कल्हणाच्या कालगणनेत हा राजा खऱ्या काळापेक्षा बाराशे वर्षं मागे गेलाय आणि सत्तर वर्षं राज्य करतोय. तोच कल्हण, मिहिरकुलानं मिहिरेश्वर मंदिर बांधलं आणि ब्राह्मणांना अग्रहार, म्हणजे दानाची गावं, दिले, हेही सांगतो.

साधनं अशी लावली की क्रूरता नाहीशी होत नाही. ती सोंग युनमध्येही आहे. पण हत्तींचा कडेलोट, लंकास्वारी, हे थर नंतर चढलेले दिसतात. वाचताना चार प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत: लिहिणारा घटनेपासून किती वर्षं दूर, किती कोस दूर, कुणाच्या खर्चानं लिहितोय आणि त्याचं त्यात काय गेलंय. ह्युएन त्संगचे विहार गेले होते. वासुलाला यशोधर्मा मोठा करायचा होता, आणि जिंकणारा मोठा करायचा तर हरलेला भयंकर हवाच.

लंकास्वारीबद्दल अजून एक. अशी स्वारी किनाऱ्यानं आली असती तर काय झालं असतं, हे कोकणातल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. एका घोड्याला दिवसाला सहा-सात किलो वाळलं गवत आणि वीस-तीस लिटर पाणी लागतं. हूण स्वार एका घोड्यावर कधीच निघत नसे. माणशी तीन घोडे धरले तरी हजार स्वारांना रोज वीस टन गवत. आपल्याकडे सड्यावरचं गवत पावसानंतर हिरवंगार, पण पौष-माघात त्याचं पिवळं काड होतं. खाली भातखाचरं, मध्ये दर दोन-चार कोसांवर खाडी, खाडीकाठी गुडघाभर चिखल. पांगून पुन्हा वळायची सगळी लढाई इथे अडकून पडते. पुढे तेराव्या शतकातही घोडे इथे समुद्रावरूनच येत होते. ठाण्याच्या राजानं चाच्यांशी संधान बांधलं होतं आणि लुटीतले घोडे तेवढे आपले असा करार केला होता, हे मार्को पोलो नोंदवतो.

आणि धनुष्य. हूणांचं धनुष्य एका लाकडाचं नसे. लांबी सव्वा ते दीड मीटर, वरचा हात खालच्यापेक्षा लांब, म्हणजे घोड्यावरून दोन्ही बाजूंना फिरवता येतं. मधे लाकडाचा पातळ गाभा. धनुर्धाऱ्याच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या, त्या दाब सोसतात. समोरच्या बाजूला जनावराच्या पायाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, ती ताण सोसते. टोकांना आणि मुठीला हाडाच्या किंवा सांबरशिंगाच्या पट्ट्या. उत्खननात लाकूड कुजून जातं आणि या पट्ट्याच मिळतात, सहसा सातच्या आसपास. कंडरा वाळवून कुटायची, तंतू विंचरायचे, कोमट सरसात भिजवून थरावर थर बसवायचे. सरस उकळला की त्याची पकड जाते, म्हणून बोट जेमतेम सोसेल एवढाच गरम. एक थर वाळायला आठवडे लागतात, घाई केली तर आत ओल राहते आणि पहिल्याच ताणाला शिंग सुटतं. पूर्ण धनुष्य व्हायला वर्ष सहज जातं. सरसासाठी माशाचा फुगा उत्तम. आपल्याकडे घोळ माशाचा बोत म्हणतात तीच चीज, फक्त तिकडे ती स्टर्जन माशाची.

या सगळ्याचा वैरी म्हणजे दमट हवा. सरस हवेतली ओल शोषतो, कंडरेचा थर मऊ होतो, हात पिळवटतो. पावसात पखवाजाची पुडी सैल पडावी तसं ते धनुष्य बसतं, आणि तशाच अवस्थेत ओढलं तर उलटून तुटतं. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरवर पाऊस, चार महिने हवेत ऐंशी-नव्वद टक्के ओल. वरून सालीचं किंवा कातड्याचं आवरण घालत, ते पावसाच्या सरीपुरतं. महिनोन्महिन्यांच्या दमटपणापुढे चालत नाही. त्यापेक्षा आपलं बांबूचं धनुष्य जोर कमी, पण ओलीत टिकणारं.

तर हूण आले नाहीत, पण त्यांच्या वसुलीची चांदी आली. इराणचा ससानी राजा पेरोझ हेफ्थलांकडून एकदा कैद झाला. खंडणी ठरली तीस खेचरं भरून चांदीचे द्रम्म, म्हणजे इराणी चांदीची नाणी. वीसच खेचरांची चांदी जमली, उरलेल्या दहांसाठी मुलगा कवाध ओलीस ठेवावा लागला. 484 मध्ये पेरोझ पुन्हा चालून गेला आणि हूणांनी खणून झाकून ठेवलेल्या खंदकात फौजेसकट पडून मेला. त्यानंतर इराण वर्षानुवर्षं खंडणी भरत राहिलं. पेरोझचे द्रम्म हूणांच्या मुलखात इतके साचले की हूणांनी त्याच छापाची नक्कल पाडली, आणि राजस्थान-गुजरातेत त्या नकलेच्या नकला शतकानुशतकं चालल्या. तीच 'गधैया' नाणी. उत्तर कोकणात शिलाहार छित्तराजानं अकराव्या शतकात याच घाटणीवर आपलं नाव घालून नाणं पाडलं.

ओळखायचं कसं? मूळ ससानी द्रम्म पातळ, रुंद, तीनेक सेंटिमीटर, वजन चार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसरीकडे अग्निवेदी आणि दोन रक्षक. गधैयात वजन तेवढंच राहिलं, पण नाणं आकसून जाड झालं, दीडेक सेंटिमीटर. चेहऱ्याच्या जागी नाकाची एक रेघ, डोळ्याचा ठिपका, कानाचा आकडा. वेदी म्हणजे एकावर एक रेघा आणि वर ठिपक्यांची ज्वाळा. नाणं कुठून धरायचं हेच पुष्कळांना कळत नाही आणि ते उलटं बघून 'अज्ञात लिपी' म्हणून टाकतात. ज्वाळेचे ठिपके वर येतील असं धरावं, मग पलटावं. बाजारात ही नाणी 'तोरमाणाचं हूण नाणं' म्हणून चढ्या भावानं खपवतात. तोरमाणाचं मोराचं नाणं याच्या साधारण निम्म्या वजनाचं असतं, तेव्हा बारीक तराजूवर टाकलं तरी फसवणूक तिथेच उघडी पडते.

विहीर खणताना किंवा नारळाचं आळं करताना अशी नाणी निघाली तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांवरच्या कुठल्याही ठेव्याला तो लागू होतो. मडकं तसंच ठेवावं, आतली माती फेकू नये, आणि किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळालं ते त्याच दिवशी लिहावं. चिंच-आमसुलानं घासणं हा सगळ्यांत मोठा घात. उत्तरकालीन गधैयात चांदी थोडी आणि तांबं फार. आंबट लागलं की हिरवा थर उतरतो, त्याखाली झिजलेल्या रेघा असतात त्याही जातात. छित्तराजाचं नाव असलं तर ते त्याच रेघांत असतं.